टिटवीची सात डबकी

माळावर माणसाचा पाय पडायच्याही आधी तिथे हरणांचा एक कळप होता आणि भुरी त्याची म्होरकी होती. पाण्याची खबर आणायचं काम तिनं टिटवीकडे दिलं होतं. ‘पाणी किती?’ असं भुरी रोज विचारी. टिटवी डबकी मोजून येई आणि सांगे, ‘सात.’

चैत्रात सात होती, वैशाखातही सातच. म्हाताऱ्या हरिणी म्हणाल्या, ‘आता नदीकडे निघू या.’

भुरी खेकसली, ‘सातच्या सात शाबूत आहेत. पिल्लांना चार दिवस उन्हात कशाला चालवायचं?’

मग एक दिवस पिल्लं चिखल चाटताना दिसली. भुरी स्वतः सातही डबकी फिरून आली. सगळ्यांचं पाणी एकत्र केलं तरी तिचे खूर बुडाले नसते.

‘अगं, याला तू पाणी म्हणतेस?’

‘थोडं थोडं आहे की सगळ्यांत,’ टिटवी म्हणाली. ‘तुम्ही “किती?” म्हणालात, मी डबकी मोजली. किती खोल, ते कधी विचारलंच नाहीत.’

कळप तडक निघाला. नदीवर पोचली ती फक्त मोठी हरणं. मागून टिटवी उडत आली.

‘वाटेत पडलेली पिल्लं मोजून आले, बाई. सांगू?’

त्या दिवशी पहिल्यांदाच भुरीनं ‘किती’ असं विचारलं नाही.