हळू सनई

गाणी कॅसेट सोडून नुकतीच लॅपटॉपात राहायला आली होती, तेव्हाची ही गोष्ट. एका मंगल कार्यालयात लॅपटॉपातला प्लेअर तिथे नव्याने राहायला आलेल्या सनईच्या सुरावटीला म्हणाला, "किती गं हळू सुरुवात तुझी! माझं सेटिंगच असं आहे, आवाज कमी पडला की मी आपोआप वाढवतो."

"कमी पडत नाही रे," सनई म्हणाली. "मामा नवरीला घेऊन दारातून निघतो, तेव्हा मी मुद्दाम हळू असते. ती बोहल्यापाशी पोचली, की मग चढते."

प्लेअरने ऐकलं नाही. त्याने हळू सूर वर ओढले. मग सनई नेहमीसारखी चढली, तेव्हा स्पीकर असे कडाडले, की दचकून नवरीच्या हातातला नारळच निसटला.

"मामा, मुलीला परत दारापर्यंत न्या!" असं ओरडत स्पीकरवाल्या केरबाभाऊंनी ते सेटिंग बंद केलं.

सनई पुन्हा तशीच हळू सुरू झाली. गप्पा मारणारं वऱ्हाड आपोआप गप्प झालं. नवरीची पैंजणंसुद्धा ऐकू आली.

प्लेअर चकित झाला. "मी तर आवाज वाढवलाच नाही. मग सगळ्यांना ऐकू कसं गेलं?"

"मी हळू होते," सनई ताठ मानेने म्हणाली, "कमी नव्हते."