चेन किती ताणायची

एकदा एक गुरू होता. दाढी-बिढी काही नाही हां, हाफ पँट आणि पायात स्लिपर. धायरीतल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये तो रविवारी सकाळी खुर्ची टाकून बसायचा आणि बाइकवाली पोरं त्याच्याभोवती गोळा व्हायची. सगळे त्याला आप्पा म्हणत. आप्पांची स्वतःची गाडी इतकी फिरलेली, की तिचा मीटर एकदा सगळे नऊ दाखवून शून्यावर आला होता आणि आता दुसऱ्यांदा चढत होता. असा मीटर असलेल्या माणसाला डिग्री कोण विचारतो?

त्यांच्या शिष्यांमध्ये एक वेदांग. ह्या पोराचं गाडीवर काय प्रेम, बाप रे! लडाख करून आलेली, राजस्थान करून आलेली मोठी टूरिंग बाइक. ऑइल वेळेच्या आधी बदलणार, ब्रेक-पॅड स्वतः घालणार, चाकाच्या तारा टूथब्रशने घासणार. आळस नावालाही नाही. आणि तरी दर वेळी ह्याचं चेन-स्प्रॉकेट लवकर खलास. गेल्या वर्षी तर गिअरबॉक्सचं बेअरिंगसुद्धा गेलं. "हल्ली मालच खराब येतो," असं तो सगळ्यांना सांगत फिरायचा.

तर एका रविवारी तो आप्पांकडे आला. निघालाच होता बदामीला, पण चेनमधून किर्र असा कसलातरी आवाज येत होता, म्हटलं जाता जाता दाखवू. मागच्या सीटवर बायको, ऋजुता. दोन्ही बाजूंना गच्च बॅगा.

आता ऋजुता मागे बसली होती हीच मोठी गोष्ट. आधीच्या ट्रिपला ती गोकर्णहून एकटी बसने परत आली होती आणि पुन्हा ह्या सीटवर बसणार नाही असं तिने जाहीर करून टाकलं होतं. वेदांगने किती दिवस तिची मनधरणी केली. शेवटी ती म्हणाली, "ही एक. ही बिघडली तर परत विचारूसुद्धा नकोस."

दोघं उतरले. गाडी डबल स्टँडवर लागली. आप्पांनी खुर्चीतूनच चेनकडे पाहिलं.

"कोणी ताणली?"

"मीच! कालच. बघा ना, जरा म्हणून लोंबत नाही."

"दिसतंय की. सतारीची तार केलीयस. वाजवून दाखवू?"

ऋजुता हेल्मेटच्या आत हसली.

आणि मग आप्पांनी काय करावं? पाना घेतला आणि वेदांगने एवढ्या मेहनतीने लावलेली चेन सरळ सैल करायला घेतली. थोडीथोडकी नाही, चांगला खाली झोळ पडेपर्यंत!

"आप्पा! अहो, काय करताय! पार लोंबली ती!"

"ओरडू नकोस. स्टँड काढ. बस गाडीवर. बेटा, तूही बस मागे. बॅगा राहू देत."

दोघं बसले. गाडी मागून दबली. आप्पांनी वाकून मोबाइलवर चेनचा फोटो काढला आणि वेदांगच्या नाकासमोर धरला. मघाचा झोळ बहुतेक सगळा गेला होता. चेन अगदी हवी तेवढीच सैल.

आप्पा म्हणाले, "तू चेन कधी ताणतोस? गाडी स्टँडवर, चाक हवेत, वर कुणी नाही, तेव्हा. मग ती सैल दिसते आणि तुला वाटतं, चुकलं. अरे, ती येणाऱ्या वजनासाठी ठेवलेली जागा असते. माणूस बसला, खड्डा आला, की मागचं चाक वर सरकतं आणि चेनला ती जागा लागते. तूच ती आधी संपवून टाकलीस, तर तिने कुठून आणायची? ती बोलत नाही. ओढत राहते. आत बेअरिंग झिजत राहतं आणि तू म्हणतोस, माल खराब. ज्याचं वजन येणार, त्याला आधी बसवावं आणि मग ताण ठरवावा. रिकाम्या गाडीवर सगळंच नीट दिसतं."

वेदांग मान डोलवत होता. त्याला फक्त चेन कळली होती.

मागून ऋजुता म्हणाली, "आप्पा, बदामीचा प्लॅनपण ह्याने असाच केलाय. मी ऑफिसला असताना, एकट्याने. चहा कुठे, जेवण कुठे, कुठे किती मिनिटं, सगळं ठरलंय."

"अगं, पण उजेडात पोचायला नको का?"

"मागच्या वेळीपण उजेडातच पोचलो होतो. कंबर धरली होती माझी. थांब म्हणून मी तुझ्या पाठीवर थापा मारत होते. आणि तू काय केलंस? 'मस्त' म्हणून अंगठा वर केलास!"

जमलेल्या पोरांपैकी एकाला हसू फुटलं आणि तिथेच विझलं.

"मला वाटलं, तुला मजा येतेय," वेदांग हळूच म्हणाला.

"नंतर मी थापा मारायच्या बंद केल्या. तेव्हा काय वाटलं? झोपली असेल?"

इंजिनातली बारीक टकटक भर हायवेवर ओळखणारा माणूस हा! आणि पाठीवरची थाप त्याला ओळखू आली नव्हती. त्याने हेल्मेट काढलं.

"बरं, तू सांग. कुठे थांबायचं? कितीही वेळा थांबू. बदामी नको तर नको. भोरपर्यंत जाऊ, मिसळ खाऊन परत येऊ."

ऋजुता गाडीवरून उतरली. ती चिडली असती तरी त्याला बरं वाटलं असतं. चिडली नव्हती.

"हे तू प्लॅन करताना विचारलं असतंस ना, तर मी उड्या मारत आले असते रे. आज सकाळपासूनच बसावंसं वाटत नव्हतं. तुझं तोंड पडेल म्हणून बसले."

"मग मी पण नाही जात."

"जा, नाहीतर नको जाऊ. पण आत्ता माझ्यासाठी म्हणून काही करू नकोस."

तिने स्वतःची बॅग सोडवली, आप्पांना "येते हां" म्हणाली आणि गेटवरून रिक्षा केली. रिक्षा वळणावर दिसेनाशी होईपर्यंत वेदांग बघत राहिला. मग बऱ्याच वेळाने त्याने आप्पांच्या हातातला पाना मागून घेतला.

"आप्पा, आता एकटाच आहे मी. चेन परत थोडी ताणून घेऊ?"

"नको," आप्पा म्हणाले. "दोघांच्या वजनाची लावलीय. तशीच राहू दे."

वेदांगने पाना खाली ठेवला.