सायाळ आणि डोंगर बचाव मंडळ

डोंगराला अजून नावही नव्हतं, त्या काळची गोष्ट. तिथे एक सायाळ राहायची. पान वाजलं तरी तिचे काटे उभे राहत. कंद खणला की वेलाजवळचा तुकडा ती परत मातीत पुरायची आणि वरून पायाने दाबायची. तिची आई तसंच करायची, आईची आईही.

रानडुकरांनी मात्र उतारच्या उतार उकरून कंद संपवले. मग डुकरंच घाबरली आणि त्यांनी 'डोंगर बचाव मंडळ' काढलं. अध्यक्षांच्या सुळ्यांवर अजून माती होती.

"सायाळबाई, आजपासून खणणं बंद! डोंगर धोक्यात आहे."

"अहो दादा, पण मी तुकडा परत पुरते ना! माझ्या दरडीवर वेल आहेत अजून. घरी दोन पिल्लं उपाशी आहेत हो..."

"वा, वा! जुनं ज्ञान! त्यावरच आज माझं भाषण आहे. तुम्ही पुढे बसा. फक्त मध्ये बोलू नका."

बिचारी बसली. टाळ्या वाजल्या की दचकायची. भाषण संपलं आणि अल्पोपाहार आला: तिच्याच दरडीवरचे कंद, वेलाजवळच्या तुकड्यासकट. एकही शिल्लक ठेवला नव्हता.

सायाळीचे काटे ताठ झाले. या वेळी भीतीने नव्हे.

तोंड भरलेले अध्यक्ष आपुलकीने वळले. "हं, बाई, आता सांगा. तुम्ही मातीत परत नेमकं काय पुरता?"

"तुम्ही आत्ता चावताय ना, ते," सायाळ म्हणाली.