वरून आलेलं पत्र

"पण बाबा, आईला खरं सांगू की नको?"

मठातले म्हातारे साधू पाखोमी हिवाळ्यासाठी कोबी चिरत बसले होते. सुरी चालूच राहिली.

ग्लेबला राग आला. दोन दिवस आगगाडीत हाडं खिळखिळी करून घेतली, ती काय कोबी बघायला? तो राजधानीत पत्रखात्यात होता. देशाच्या प्रमुखाला लोक पोत्यांनी पत्रं लिहीत, आणि उत्तरं लिहीत ग्लेबसारखे बाराजण. खाली सहीचा शिक्का. प्रमुखांनी आयुष्यात एक पत्र फोडलं नव्हतं. पण गावोगाव लोक म्हणत, मधलेच चोर, वरचा देवमाणूस!

गेल्या वर्षी ग्लेबच्या टेबलावर त्याच्याच आईचा अर्ज आला. मुलगा तीन वर्षं घरी फिरकला नाही, साहेबांनी त्याला रजा द्यावी. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. उत्तर त्यानंच लिहिलं.

मग रजा घेऊन गावी गेला, तर पत्र देवाच्या तसबिरीशेजारी चौकटीत! आई शेजारणींना वाचून दाखवत होती. ग्लेबची पत्रं कुठं होती, ते तिला आठवेना. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय.

"मी समोर बसलोय, बाबा, आणि ती त्या शिक्क्याची पापी घेते." ग्लेब पुढे सरकला. "एकदा माझ्याकडे तसं बघावं तिनं. एवढंच हवंय मला. पण खरं सांगितलं तर म्हातारीचा आधार जातो. नाही सांगितलं, तर ती त्या साहेबालाच आपला मानत मरेल."

"…काय लिहिलं होतंस?"

ग्लेबला ते तोंडपाठ होतं. "आई, विहिरीवर एकटी जाऊ नकोस, बर्फावरून पाय घसरतो. थंडीत तुझे हात फुटतात, झोपताना लोणी लावत जा. तुझी आठवण आली नाही असा दिवस जात नाही."

सुरी थांबली.

"अर्जात हातांचं काही होतं?"

"…नव्हतं. गावभर सांगत सुटलीय, साहेबांना माझे हातसुद्धा ठाऊक!"

"आणि स्वतःच्या नावानं शेवटचं काय लिहिलंस?"

ग्लेबला बराच वेळ आठवावं लागलं.

"मी बरा आहे. लोकरी बूट पाठवलेत. माप चुकलं असल्यास कळवणे."

पाखोमींनी पुढचा कोबी मांडीवर घेतला.

"दोन्हींतलं मुलाचं पत्र कुठलं, ते तिनं बरोबर ओळखलंय."