भैरूची हाळी

“मग लढत का न्हाई हा?”

शिदूने घाटावर पाऊल टाकता टाकताच विचारलं. रामराम त्यानंतर घातला, तोही अर्धामुर्धा.

दस्तगीर वस्ताद पायरीवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण हा?”

“दगडू. डोहमल्ल हाय.” शिदूने कमरेचा शिंपला सोडून पुढे धरला.

“डोहमल्ल हाय ते शिंपल्यावरनं कळलं. शिंपला घेऊन आलेला कोण, ते विचारतोय.”

“मी शिदू. भैरूचा धाकटा भाऊ.”

अडकित्ता थांबला.

“बस,” वस्ताद म्हणाले.

शिदू बसला नाही.

त्या मुलखात नदीच्या डोहाडोहांतून लढणारे जीव राहतात. माणसं हे जीव लहान असताना धरतात, मायेनं वाढवतात, शिंपल्यात घालून कमरेला बाळगतात आणि जत्रेत नदीपात्रातच आखलेल्या हौदात एकमेकांशी लढवतात. शिंपला मुठीएवढा का असेना, केवढाही जीव त्यात मावतो. कसा मावतो, हे कुणी विचारत नाही. आणि तिथला रिवाज असा, की मालक गेला तर त्याचा जीव घरच्या माणसानं एक हंगाम सांभाळून बघायचा. जोड जमली तर तो घरचा. नाही जमली तर त्याला नदीला परत द्यायचं. जमली की नाही, ते दस्तगीर वस्ताद सांगत, आणि त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नसे.

हंगाम सरला होता. शिदू निकाल ऐकायला आला होता, पण त्याला एकच निकाल ऐकायचा होता. भैरूचे कपडे आईने वाटून टाकले होते. अंथरूण नदीला दिलं होतं. भैरूचं म्हणावं असं घरात आता काही नव्हतं. होता तो एवढा दगडू.

“दादाच्या हाताखाली हा कधी हरला न्हाई,” शिदू म्हणाला. “माझ्या हाताखाली एकदा जिंकला न्हाई. ह्याला औषध द्या, मंतर घाला, काय करायचं ते करा. न्हाईतर फटके द्या.”

“फटके तू देऊन बघितलेस?”

शिदूने नजर चुकवली.

“एकदा.”

“मग?”

“त्यानं काठी धरली. मोडली न्हाई, ओढली न्हाई. नुसती धरून ठेवली... मलाच हलवता येईना.”

वस्ताद मिशीत हसले. “बरं. दाखव तुझा पैलवान.”

शिदूने शिंपला पाण्याशी नेऊन उघडला.

घाटाखालचं पाणी एकदम जड झाल्यासारखं वाटलं. मग दगडू वर आला. आधी कपाळ, मग खांदे. खांदे येतच राहिले. ओल्या काळ्या पाषाणासारखी कातडी, मानेवर उघडझाप करणारे कल्ले, बोटांमध्ये पडदे आणि पंजा एवढा, की परात झाकून जावी. ओंजळीत मावणारं, बिनहातांचं पोर भैरूने ह्याच नदीतून उचललं होतं. त्या पोराने दोनदा रूप पालटलं. पहिल्यांदा हात फुटले, दुसऱ्यांदा त्या हातांत बळ उतरलं. आता तो धारेत उभा राहिला, की धारच त्याला वळसा घालून जाई.

त्याने पाण्याखाली मांडीवर शड्डू ठोकला.

कानाला आवाज आला नाही. पायऱ्यांच्या दगडातून तो तळपायांना कळला.

“वा,” वस्ताद हळूच म्हणाले. हा शब्द ते फारसा खर्च करत नसत.

मग त्यांनी पाण्यावर टिचकी मारली. “बडेमियाँ, उठा. पाहुणे आलेत.”

शेवटच्या पायरीशी जो खडक वाटत होता, तो हलला. ते वस्तादांचं ढालकासव होतं. म्हातारं, पाठीवर शेवाळ चढलेलं आणि झोपमोड झाली म्हणून रागावलेलं. त्याने मान आत ओढली आणि उतारावर सुटलेल्या गाडीसारखं ते दगडूवर गेलं.

दगडू मागे सरला नाही. पुढेही झाला नाही. तो थोडासा बाजूला झाला, वाटेतल्या वडीलधाऱ्याला जागा द्यावी तसा. त्याचा एक हात कासवाच्या पाठीच्या कडेवर गेला, दुसरा पोटाखाली. कुठे घाई नाही, कुठे झटका नाही. कासवाचाच जोर त्याने हाताने वळवला, आणि एवढं मोठं धूड एका अंगावर कलायला लागलं.

वस्ताद पुढे वाकून बघत होते. हातातली सुपारी कधी खाली पडली, त्यांना कळलं नाही.

“आता बघा,” शिदू म्हणाला, आणि त्याने हाळी दिली.

“हैऽऽ दगडोबाऽऽ... उचल रं राजाऽऽ...”

हाळी भैरूची होती. हुबेहूब. तोच खर्ज, शेवटाला तोच लांब हेल. गावात लोक म्हणत, डोळे मिटून ऐकलं तर भैरूच उभा आहे. शिदूने ती रानात एकट्याने घोटली होती, आणि तिचा त्याला फार अभिमान होता.

दगडूने हात सोडले.

बडेमियाँ धपकन पाण्यात आपटले. दगडूने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्याने बुडी मारली. तळाशी त्याची काळी सावली घाटाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिली. कपारी चाचपल्या. गाळ उपसला. पाणी गढूळ झालं.

बऱ्याच वेळाने तो वर आला. हातात मोडक्या वल्ह्याचा एक तुकडा होता. तो त्याने पायरीवर ठेवला, हळूच, जपून.

“बघितलंत?” शिदूचा आवाज चढला. “हे असं करतो. हातात आलेली कुस्ती टाकून पळतो. पळपुटा साला.”

वस्तादांनी वल्ह्याचा तुकडा उचलून बघितला.

“दरवेळी काहीतरी आणतो?”

“आणतो की. फुटकी घागर, कुणाची पैरण, एकदा तर चप्पल. जत्रेत लोक पोट धरून हसतात. म्हणतात, शिदूनं भंगारवाला पाळलाय.”

“आणि ठेवताना तुझ्याकडं बघतो?”

“न्हाई. माझ्या मागं बघतो.”

“मागं कोण असतं?”

“कोण असणार? कोण न्हाई.”

वस्ताद वल्ह्याचा तुकडा हातात फिरवत राहिले.

“काय झालं वस्ताद?”

“भैरू हाळी कुठनं द्यायचा?”

“पाण्यातनं. दादा कायम ह्याच्यासंगट छातीभर पाण्यात असायचा.”

“आणि तू?”

“काठावरनं.”

“का?”

शिदूने पाय एक पायरी मागे घेतला.

भैरू नदीतच गेला होता. पुरात होडी उलटली. दगडू त्या दिवशी शिंपल्यात होता, आणि शिंपला घरी खुंटीला. भैरू सापडला तो पार खाली, दुसऱ्या गावच्या बंधाऱ्याला. तेव्हापासून शिदूने घोट्याच्या वर पाणी चढू दिलं नव्हतं. अंघोळसुद्धा तो घाईघाईने, उभ्या उभ्याच उरकायचा.

“ह्याला कुणी सांगितलं?” वस्तादांनी विचारलं.

“काय?”

“भैरू गेला ते.”

“जनावराला काय सांगायचं, वस्ताद?”

“बरं. तू कुणाला सांगितलंस?”

“सगळ्या गावाला ठाऊक हाय की.”

“गावाचं न्हाई विचारलं मी.”

शिदू पायरीवरचं शेवाळ पायाच्या अंगठ्याने खरवडत राहिला.

“पोरा, तू रोज ह्याला भैरूच्या गळ्यानं हाक मारतोस. ह्याला हाक ऐकू येते, माणूस दिसत न्हाई. मग ह्यानं शोधायचं तरी कुठं? भैरू ह्याला पाण्यातच भेटायचा.”

शिदूने वल्ह्याच्या तुकड्याकडे पाहिलं. मग त्याला ती पैरण आठवली. ती दगडूने पायरीवर पसरून ठेवली होती, बाह्या सरळ करून. लोक हसले होते, म्हणून शिदूने ती पायाने उडवून दिली होती. दगडूने ती पुन्हा आणून ठेवली होती.

“मी हाळी बंद करतो,” तो घाईने म्हणाला. “आजपासनं बंद. मग लढंल ना?”

“बंद केलीस तर शोधायचा थांबंल. वाट बघत बसंल.”

“मग काय करू?”

“सांग त्याला.”

“सांगितलं तर तो जाईल.” शिदू एकदम म्हणाला. “दादा न्हाई म्हटल्यावर तो कशाला राहील माझ्यापाशी?”

“जाईल की.”

“म्हणजे दादाचं एवढं राहिलंय, तेबी जाणार.”

“व्हय.”

“मग कशाला सांगू? तुम्हाला काय जातंय सांगायला? तुमचं कासव हाय तुमच्यापाशी.”

बडेमियाँनी पाण्यातून मान वर काढून बघितलं आणि पुन्हा आत घेतली.

वस्ताद रागावले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. शिदूला वाटलं, शिंपला बघायला मागतायत. त्याने दिला.

वस्तादांनी तो डोहात फेकून दिला.

शिदूने विचार केलाच नाही. तो आयुष्यात कधी विचार करून धावला नव्हता. शिंपला पाण्याला लागला, त्याच्या पाठोपाठ शिदूही पाण्यात होता. त्याने दोन्ही हातांनी पाणी उपसलं, चाचपलं, शिव्या घातल्या. शिंपला तळाला गेला होता. मग त्याला कळलं, की पाणी आपल्या छातीला लागलंय.

तो तिथेच गोठला.

समोर दगडू आला.

त्याने सवयीप्रमाणे शिदूच्या मागे पाहिलं. घाटाकडे पाहिलं. डोहाच्या वरच्या अंगाला पाहिलं. आणि मग पाण्यात आपल्यासमोर उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं... पहिल्यांदाच.

शिदूने तोंड उघडलं. भैरूचा खर्ज लावायला गेला, तो घशातच अडकला. मग आला तो त्याचा स्वतःचा आवाज. फाटका, किनरा, पोरसवदा.

“दगडू... दादा न्हाई आता.”

कल्ले हलायचे थांबले.

“मेला तो. पुरात गेला. तू घरी होतास. मीबी घरीच होतो... हाक मारत होतो, तो मी होतो रं. तो न्हाई. मी.”

हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. लोक दारात येऊन बसले, तेव्हा त्याने नुसती मान हलवली होती. आईपाशी तर तो विषयच काढला नव्हता.

दगडू बराच वेळ तसाच उभा राहिला. मग पाण्याखाली गेला.

तळाशी सावली फिरली नाही. कपारी कुणी चाचपल्या नाहीत. गाळ बसत गेला आणि डोह आरशासारखा झाला.

शिदूने हाक मारली नाही. कुणाच्या गळ्याने मारायची, हे त्याला कळत नव्हतं.

“गेला,” तो म्हणाला.

वस्ताद डोहाकडे बघत होते.

“वस्ताद, गेला तो...”

तेवढ्यात त्याच्या कमरेला खालून दोन हातांची मिठी बसली.

ती पकड शिदूने काठावरून कितीदा तरी पाहिली होती. आतून कशी लागते, हे त्याला ठाऊक नव्हतं. तिच्यात दुखवणं नव्हतं. पण तिच्यातून सुटणंही नव्हतं. तो पाण्यातून वर उचलला गेला, दगडूच्या डोक्यावर क्षणभर आडवा राहिला, सगळं आभाळ त्याच्या तोंडावर आलं... आणि तो पाठीवर सपशेल आपटला. पडताना मानेखाली एक पंजा होता. पाणी नाकातोंडात गेलं, तरी डोकं बुडलं नाही.

तो खोकत, ठसकत उभा राहिला. रडत होता की हसत होता, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

दगडू पुढ्यात उभा होता. किंचित वाकलेला, दोन्ही हात मोकळे, नजर शिदूच्या नजरेत. धार दोघांना वळसा घालून चालली होती.

“पाडलं मला ह्यानं,” शिदू म्हणाला.

“बघितलं,” वस्ताद म्हणाले.

“शिंपला तर तळाला गेला. आता ह्याला न्यायचं कशात?” शिदूने तोंडावरचं पाणी निपटलं. “निकाल काय म्हणायचा, वस्ताद? नदीला दिला, का माझ्यापाशी ठेवला?”

वस्ताद गुडघ्यांवर हात टेकून उठले. पानाची चंची खांद्यावर टाकली आणि पायऱ्या चढायला लागले.

“उद्या येताना,” ते मागे न बघता म्हणाले, “अंग पुसायला पंचा घेऊन ये.”