उत्तराची वाट

“तुम्हाला आनंद नाही झाला, सर?”

निंबाळकर सर विमानाची पुढची काच पुसत होते. ते पुसतच राहिले.

शार्दूल देवस्थळी पुण्याहून गाडी हाकत आला होता, तो काही हे बघायला नव्हे. बातमी फोनवरही देता आली असती. पण समोरच्याचं वाक्य पुरं होईपर्यंत सर फोन कानाला ठेवत नसत, ही त्यांची जुनी ख्याती. शिवाय पाठीवर थाप हवी असेल तर पाठ घेऊन समोर यावंच लागतं.

बातमी मोठी होती. हवाई दलाने त्याला वैमानिकाच्या प्रशिक्षणासाठी निवडलं होतं. प्रवासी विमान कंपनीतली सहवैमानिकाची नोकरी सोडून तो येणार की नाही, हे सोमवारी कळवायचं होतं. वय सव्विशीला टेकलं होतं. आता नाही म्हटलं की ते दार कायमचं बंद.

पहिल्यांदा ते दार उघडं होतं तेव्हा घरच्यांचं ऐकून तो प्रवासी विमानांकडे वळला होता. पगार चांगला होता, आईला गणवेशाचं कौतुक होतं, पण खंत काही गेली नाही. लोहगावला धावपट्टीशेजारी आपली पाळी येण्याची वाट बघत असताना एखादं लढाऊ विमान कानठळ्या बसवत वर गेलं, की त्या दिवशी त्याला जेवण जात नसे.

“हवेतली एसटी चालवतो मी, सर. स्टॉप आला की उतरायचं, माणसं भरायची, पुन्हा निघायचं.”

“एसटी वाईट असते?”

“तसं नाही... पण तुम्ही जे उडवलंत, ते...”

सरांनी फडक्याची घडी घालून ते खिशात ठेवलं. एकट्याने बसायची लढाऊ विमानं त्यांनी उमेदीची सगळी वर्षं चालवली होती. निवृत्तीनंतर साताऱ्याकडच्या या माळावर ते पोरांना उडायला शिकवत. शार्दूलचे पाय पहिल्यांदा जमीन सोडून वर गेले, ते त्यांच्याच शेजारी बसून.

“बस आत,” ते म्हणाले. “एक चक्कर मार. मी शेजारी असेन, पण मी नाही असं समज.”

शार्दूलला हसू आलं. दीडशे माणसं घेऊन दिल्लीला जाणाऱ्याची परीक्षा, आणि तीही या दोन माणसांच्या डबीत. तो ऐटीत डावीकडे बसला.

विमान सुरेख उचललं गेलं. उसाची शिवारं खाली सरकली, कॅनॉल चमकला. सर हात मांड्यांखाली घेऊन बाहेर बघत होते. वळणं झाली, धावपट्टी समोर आली, आणि वेग कमी करायची वेळ झाली.

“फ्लॅप्स टेन,” शार्दूल म्हणाला.

पंखांच्या मागच्या कडा खाली घेतल्या की विमान मंदावतं. त्यासाठी मोठ्या विमानांत चालवणारा नुसतं तोंडाने सांगतो. शेजारचा तेच शब्द परत उच्चारतो आणि दांडा ओढतो. इथे दांडा शार्दूलच्या उजव्या हाताशी होता.

त्याचा हात हलला नाही.

“फ्लॅप्स टेन,” तो जरा मोठ्याने म्हणाला.

सर बाहेर बघत होते.

विमान भलतंच उंच आणि भलतंच जोरात येत होतं. अर्धी धावपट्टी पोटाखालून निघून गेली, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्याने इंजिनाचा जोर वाढवला, विमान पुन्हा वर घेतलं आणि घामाघूम होत दुसरी फेरी मारली. या खेपेला दांडा त्याने स्वतः ओढला. विमान उतरलंही नीट. पण ओठ तेच शब्द पुटपुटले होते, आणि कान उजवीकडे लागलेला होता. हे त्याचं त्याला कळलं, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

इंजिन बंद झालं. दोघंही उतरले नाहीत.

“कुणाची वाट बघत होतास?”

“चूक झाली, सर. पहिल्या दिवसापासून तेच अंगात भिनवलंय. एकाने बोलायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. उत्तर येत नाही तोवर पुढे जायचं नाही.”

“चांगली सवय आहे.”

“तिथे नाही चालायची.”

“नाहीच चालणार. ते मोडतील ती.”

शार्दूलला हायसं वाटलं. म्हणजे सर नाही म्हणत नव्हते. आता आणखी काही विचारायची गरज नव्हती, पण त्याने विचारलं.

“तुमचीही मोडली होती?”

सरांनी खिशातलं फडकं काढून मांडीवर ठेवलं. माळावर वारा पडला होता.

“माझ्यामागे एक जण उडायचा. भूपिंदर... भूपी म्हणायचो आम्ही. डोंगराचा मुलूख होता. मी एका विमानात, तो दुसऱ्यात. ढगात शिरलो. मी रेडिओवर हाक मारली. उत्तर आलं नाही.”

“मग?”

“मी पुढे गेलो.”

“नियमाला धरूनच असेल ते, सर.”

“हो. चौकशीतही तसंच ठरलं. माझा दोष नाही म्हणाले.”

“आणि तो?”

“त्याचा रेडिओ बंद पडला होता. माझ्या पंखाच्या टोकावर डोळा ठेवून तो पाठोपाठ येत होता. त्याला तेवढंच दिसत होतं. मी वेग वाढवला.”

ढगाखालच्या डोंगरावर भूपीचं काय झालं, हे शार्दूलने विचारलं नाही. विचारायला काही उरलंच नव्हतं. हे सगळं सांगताना सरांचा आवाज जरासुद्धा हलला नव्हता, त्याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. सकाळपासून तोंडात घोळवत आणलेला सोमवारचा होकार आता जड लागायला लागला.

तो समोरच्या काचेकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला,

“ही सवय मोडायला किती दिवस लागतात, सर?”

“सहा महिने. पोरगं हुशार असेल तर चारच.”

“आणि परत लागायला?”

सरांनी पट्टा सोडला, दार उघडलं, एक पाय खाली टाकला, आणि तिथेच थांबले.

“मला निवृत्त होऊन वीस वर्षं झाली.”