अळंबीचा स्वर्ग

रानात वानरांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. भुरक्या वानराच्या अंगात पुष्कळ दारं होती आणि सेरोटोनिन नावाचा जुना नोकर ती रोज बेतानं उघडायचा.

एकदा भुरक्यानं अळंबीचा तुकडा खाल्ला. त्या तुकड्याकडे हुबेहूब सेरोटोनिनच्या किल्लीसारखी किल्ली होती. तिनं डोक्यातलं दार सताड उघडलं आणि भुरक्याला झाडं नाचताना दिसली.

"देवी, तुझ्यात स्वर्ग आहे!" म्हणत तो अळंबीच्या पाया पडला.

"आहेच मुळी," अळंबी म्हणाली.

भुरक्यानं सगळी टोळी दर्शनाला आणली. त्या सकाळी त्याचं डोकं दुखत होतं, म्हणून रानातल्या वैदू अस्वलीनं त्याला एक मुळी चारली होती. ती डोक्यातल्या दाराच्या कुलपात रुतून बसली होती. टोळीसमोर त्यानं अळंबीचा तुकडा खाल्ला, पण त्या कुलपात किल्ली शिरेना. पोटातलं मळमळीचं दार मात्र चटकन उघडलं आणि भुरक्या भडाभडा ओकला.

"स्वर्ग कुठाय?" टोळीनं विचारलं.

अस्वली म्हणाली, "तो याच्याच डोक्यात होता. आज तिथलं दार बंद आहे, एवढंच."

"याची भक्ती कमी पडली," अळंबी म्हणाली.

टोळीला अळंबीचंच पटलं. त्यांनी भुरक्याला तीन दिवस उपाशी ठेवलं आणि अस्वलीला रानाबाहेर हाकललं.